कुलूपवाली कुणाची

दि. ९ जानेवारी

प्रिय धाकटीस,

आशीर्वाद घ्यायचा की नाही ते तू ठरव. मी थोरली जाऊ आहे, तेव्हा तो देणं माझ्याकडे लागतं, म्हणून दिला.

इकडे सगळं ठीक आहे. भाऊजींचा गुडघा कसा आहे? तुझ्या लेकीला बढती मिळाल्याचं कळलं, तुझ्याकडून नव्हे, तिच्याकडून. छान झालं. आमच्याकडे नवीन म्हणजे जिन्याचा कठडा रंगवून झाला आणि वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी बासरी शिकायला घेतली. त्यांच्या पेशंटांना एक दुखणं पुरत नव्हतं बहुतेक.

अक्षर मोठं काढलं आहे. चार वर्षांत तुझ्या चष्म्याचा नंबर वाढला असणार, म्हणून ही सोय. उपकार मानू नकोस.

या चार वर्षांत फोनवर मी 'भाऊजी आहेत का' याच्यापुढे गेले नाही, हे खरं. पण 'ताईंचं काय बिनसलं कोण जाणे' असं तू नातेवाइकांत सांगत फिरतेस, हे कानावर आल्यापासून माझी झोप उडाली आहे. कोण जाणे? तू जाणतेस. सभागृहातली सगळी माणसं जाणतात. माझ्या दहाव्या कादंबरीचं प्रकाशन होतं. प्रकाशनसंस्थेचे मालक तेव्हा हयात होते. त्यांनी हौसेनं तुला स्टेजवर बोलावलं, की लेखिकेच्या घरच्यांनी दोन शब्द बोलावेत. दोन शब्द, धाकटे. तू माईक हातात घेतलास आणि सांगितलंस की हिला स्वतःलासुद्धा खुनी माहीत नसतो. ही मला दर रविवारी प्रकरणं वाचून दाखवते, मी ज्याच्यावर संशय घेते त्याला ही सोडून देते, आणि यावेळी मी वैद्यावर संशय घ्यायला विसरले म्हणून बिचारा वैद्य अडकला.

लोक हसले. तूही हसलीस. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा आला, 'बिचारा वैद्य'. ज्या पुस्तकावर मी अडीच वर्षं घालवली, त्याचा खुनी पुस्तक बाजारात येण्याआधीच घरोघरी पोचला. आणि वर तू मला विचारलंस, 'ताई, माझं भाषण कसं झालं?'

असो. हे उगाळायला मी पत्र लिहायला घेतलेलं नाही.

परवा चिरंजीव येऊन गेले. मालकांचा मुलगा, आता तोच प्रकाशन बघतो. फुलांचा गुच्छ घेऊन आला, आजारी माणसाला भेटायला जावं तसा. त्याच्या वडिलांनी मला पहिल्या भेटीत काय सुनावलं होतं, ते तुला आठवत असेल. तीन ठिकाणांहून परत आलेलं बाड मी त्यांच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा ते न उघडताच म्हणाले होते, 'बाई, कॉन्व्हेंटात शिकलेल्यांना मराठीत स्वप्नंसुद्धा पडत नाहीत.' मी म्हटलं, कुठलंही पान उघडा आणि चूक काढून दाखवा. त्यांनी मधलंच पान उघडलं आणि जेवणाचा डबा विसरले. त्या माणसानं मला कधी फूल दिलं नाही. मानधन वेळेवर दिलं आणि चुका काढल्या. मला तेवढं पुरत होतं.

चिरंजीव काय म्हणाला? 'मॅडम, तुम्ही आता आराम करा. कुलूपवालीला आम्ही सांभाळतो.' म्हणजे काय, तर माझ्या कादंबऱ्यांतल्या, खुनी शोधणाऱ्या त्या बाईवर यापुढे लिहायला त्यानं एक तरुण लेखक नेमला आहे. माझं नाव वर मोठ्या अक्षरात, त्याचं खाली बारीक, आणि वर्षाला दोन पुस्तकं. मी फक्त करारावर सही करायची. त्या लेखकानं नमुन्याला लिहिलेलं प्रकरण चिरंजीवानं मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण माझा चष्मा ऐन वेळी सापडेना. धाकटे, त्यानं तिला घोडा दिला आहे. माझी कुलूपवाली पन्नाशीची विधवा, बंदरावरच्या बाजारात नवऱ्याचं दुकान चालवणारी, उठताना गुडघ्यावर हात टेकणारी बाई. ती घोड्यावरून रात्रीच्या अंधारात दौडते आणि खजिन्याचं तीन किल्ल्या लागणारं कुलूप केसातल्या आकड्यानं उघडते. आकड्यानं. मी संग्रहालयाच्या कुलपांच्या दालनात सगळी नोकरी काढली. तशी कुलपं हातात धरली आहेत. त्यातलं एक उचलायला दोन शिपाई लागत.

मी त्याला म्हटलं, बाबा रे, ती कुलूप उघडते ते शेवटी. आधी ती ते बघते. भोकाच्या कडेला ओरखडा कुठल्या बाजूला आहे, तेल ताजं आहे की जुनं, किल्ली घाईत फिरवली की सवयीनं, यावरून ती माणूस ओळखते. तो 'हो, हो' म्हणाला. त्याला घोडा आवडला होता.

त्याला एवढं धाडस कशानं झालं, असं तू विचारशील. माझ्या बाराव्या कादंबरीच्या बाडात एक क्षुल्लक गोष्ट राहून गेली. एका नावाड्याची. ती मार्चअखेर दुरुस्त करून दिली तर पुस्तक माझ्या एकटीच्या नावानं निघेल, नाहीतर सही करायची. दोन्ही नाही केलं, तर नवीन पुस्तकाशिवाय जुनी अकरा छापणं परवडत नाही म्हणे. मी सही करणार नाही. हे तुला यासाठी सांगते, की बाहेरून उलटसुलट कळायला नको.

दुरुस्ती मी एकटीही करू शकते. पण ऐकणारं कुणी असलं तर काम लवकर होतं, एवढंच.

उत्तर द्यायचंच असलं तर फोन कर. पत्र नको. पोस्टाचा भरवसा राहिलेला नाही.

भाऊजींना नमस्कार सांग.

तुझी, नात्यानं तरी,
ताई


दि. २४ जानेवारी

प्रिय धाकटीस,

फोन कर म्हटलं, तर तू पत्रच पाठवलंस. मुद्दाम. विम्याच्या कंपनीत दावे तपासून तपासून तुझा स्वभावच तसा झाला आहे.

ते पत्र मला वरच्या डॉक्टरांकडून वाचून घ्यावं लागलं. खुर्चीत एक गृहस्थ तोंड उघडं टाकून बसलेले होते. त्यांच्या देखत डॉक्टरांनी खणखणीत आवाजात वाचलं: 'डोळे कुणाचे गेले, माझे की तुझे? आणि नावाड्याचं काय ते सरळ सांग. दावा अर्धवट भरला आहे.' खुर्चीतल्या गृहस्थांना हसू आवरेना, आणि तोंडात नळी असल्यामुळे हसताही येईना. तुझं भाषण पुन्हा एकदा उत्तम झालं.

माझे गेले. झालं समाधान?

दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग आहे आणि तो वाढतो आहे. कडेचं दिसतं. समोर माणूस बसला तर त्याचे कान दिसतात, तोंड नाही. रस्ता ओलांडता येतो, दूध उतू जाण्याआधी समजतं, पण ओळ वाचता येत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई मोठ्या स्पष्टवक्त्या. जेवढं आहे तेवढं टिकवू, गेलेलं परत येणार नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मला त्या आवडल्या. हे दीड वर्षापूर्वीचं. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की लोक हात धरायला येतात.

मागचं पत्र जाड काळ्या पेनानं एकेक शब्द लिहिलं. त्यात आठवडा गेला. हे मात्र टाइप करते आहे. आमच्या शाळेत टायपिंगच्या तासाला सिस्टर प्रत्येकीच्या हातांवर फडकं टाकत. खाली डोकावलं की पट्टी. आम्ही त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणत असू. पुढे नोकरीत मराठी टाइपरायटर मी तसाच शिकले, हातांवर नॅपकिन टाकून. सिस्टर केव्हाच गेल्या, नाहीतर आता जाऊन पाया पडले असते.

तर लिहिता येतं. लिहिलेलं वाचता येत नाही. आता तुला नावाडी कळेल.

बारावी कादंबरी मी अशीच पूर्ण केली. आदल्या दिवशी काय लिहिलं ते डोक्यात ठेवायचं आणि पुढे जायचं. डोकं शाबूत आहे, पण मधे न्यूमोनियानं महिनाभर आडवी झाले. उठल्यावर वाटलं, सगळं आठवतंय. सातव्या प्रकरणात मी नावाड्याला वादळात बुडवला होता. सगळं बंदर त्याच्यासाठी रडलं, त्याच्या बायकोनं बांगड्या फोडल्या. आणि बाविसाव्या प्रकरणात कुलूपवालीनं खुनी म्हणून त्याच्याच मनगटाला धरलं. बुडून मेलेला माणूस, धाकटे, जकातीच्या गोदामात बसून कबुलीजबाब देतो.

चिरंजीवानं ते बाड वाचलं आणि त्याला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. मी त्याला डोळ्यांचं सांगू शकले असते. नाही सांगितलं. वेडी समजून माणसं निदान थोडं लांब राहतात. आंधळी समजली, की पेनसुद्धा हातातून काढून घेतात, प्रेमानं.

आता जे लिहायचं ते लिहिते. मागच्या पत्रात मी चार वर्षांचा हिशोब मांडला, पण अकराव्या पुस्तकाबद्दल चकार शब्द काढला नाही. ते पुस्तक तुझ्याशिवाय लिहिलं. समीक्षकानं लिहिलं की खुनी तिसऱ्या प्रकरणात ओळखू येतो. तेव्हा डोळे चांगले होते. तेव्हा कान नव्हते. माझी वाक्यं ऐकून तोंड वाकडं करणारं, 'ही बाई एवढं गोड का बोलते, हिची पॉलिसी कितीची आहे?' असं विचारणारं घरात कुणी नव्हतं. आमचे हे असते तरी उपयोग नव्हता. रक्ताचा थेंब आला की ते पुस्तक मिटत. आयुष्यभर त्यांनी माझी पहिली पानं तेवढी वाचली, आणि ती फार सुंदर आहेत असं सगळ्यांना सांगितलं.

म्हणून ये. मार्चअखेरपर्यंत राहा. आता वाचायचं तू, ऐकायचं मी. जिथे चुकलं असेल तिथे थांबायचं. जिथे संशय येईल तिथे बोलायचं. नवीन वाक्य तू सुचवायचं नाही. ते मी करीन. भाऊजींना घेऊन ये, वरच्या बासरीशी त्यांची ओळख करून देऊ.

तू केलंस ते मी विसरलेले नाही. रागासकट बोलावते आहे. चालणार असेल तर ये.

ताई


दि. ६ एप्रिल

प्रिय धाकटीस,

तुम्ही दोघं सुखरूप पोचल्याचं भाऊजींनी फोनवर सांगितलं. घर एकदम मोठं वाटायला लागलं आहे. वरचे डॉक्टर विचारत होते, भांडणाचा आवाज का येत नाही, सगळं ठीक आहे ना. सवय झाली होती म्हणे त्यांना.

आधी बातमी. चिरंजीवानं बाड वाचलं. काल सकाळी त्याचा फोन आला. मी एकच विचारलं, 'शेवटापर्यंत तुझा संशय कुणावर होता?' तो म्हणाला, जकात अधिकाऱ्यावर. म्हटलं, मग ठीक आहे.

त्याला कुतूहल होतं की बुडालेल्या माणसाला खुनी करायची कल्पना मला सुचली कशी. आधीच्या बाडात ते चुकून होतं, हे तो सोयीनं विसरला आहे. तुला मात्र इथे लिहून देते, कारण तोंडानं मला ते जमलं नाही. फेब्रुवारीतल्या त्या दुपारी मी सातवं प्रकरण फाडायला निघाले होते. नावाडी बुडतच नाही, असं करून मोकळं व्हायचं, म्हणजे बाविसावं आपोआप सरळ होईल. तू चष्मा काढलास, मला त्याच्या काड्या मिटल्याचा आवाज आला, आणि म्हणालीस,

'प्रेत सापडलं का?'

मी म्हटलं, वादळ होतं, प्रेत कुठून सापडणार.

'मग तो मेला असं कोण म्हणतं? तू म्हणतेस, त्याची बायको म्हणते. मी असते तर दावा मंजूर केला नसता. माझ्या टेबलावर असे तीन बुडालेले आले होते, त्यातला एक पुढे लग्नाच्या वरातीत नाचताना सापडला.'

आणि मी सातव्या प्रकरणातलं एक वाक्यही न बदलता ते पुस्तक उभं राहिलं. फक्त अकराव्या प्रकरणात त्याच्या घराच्या कुलपाला ताजं तेल घालावं लागलं. रडणारी बायको कुलपाला तेल कशाला घालेल? रात्री कुणीतरी आवाज न करता येतं, हे कुलूपवालीला तिथे कळतं. तेल माझं, प्रेत तुझं. अशी वाटणी आपल्यात आधीपासूनच होती. तू ती माईकवर सांगितलीस याचा मला राग होता, खोटी सांगितलीस याचा नव्हता. हे वाक्य मी टाइप केलं आहे आणि मला ते वाचून खोडता येत नाही, म्हणून ते तसंच जाईल.

तू अपेक्षा करत असशील, पण 'सॉरी' मी म्हणणार नाही. शाळेत तो शब्द आमच्याकडून दिवसातून इतक्या वेळा म्हणवून घेतला, की त्याची धार गेली आहे.

चिरंजीव पुस्तक काढतो आहे, माझ्या एकटीच्या नावानं. पण बातमी एवढ्यावर संपत नाही. आज सकाळी तो पुन्हा आला. गुच्छ नव्हता, ही प्रगती. मी त्याला डोळ्यांचं सांगितलं. स्वतःच सांगितलं, खुर्चीत ताठ बसून. मला त्याचे कान दिसत होते, ते लाल झाले. मग त्यानं विचारलं, अगदी अदबीनं, की आता नाही तर पुढे कधीतरी तो करार. 'मॅडम, तुमच्यानंतर कुलूपवालीचं काय?'

वाईट हेतूनं विचारलं नव्हतं त्यानं. म्हणूनच तो प्रश्न डोक्यातून जाईना. अंधाराची मला तेवढी भीती वाटत नाही. संग्रहालयाच्या तळघरातल्या कोठारात मी पुष्कळ वर्षं काढली, अंधार काय असतो ते ठाऊक आहे. पण मी गेले आणि तिसऱ्या दिवशी ती घोड्यावर बसली, तर? मी छत्तीस वर्षांची असताना तिला लिहायला घेतलं. संग्रहालयाच्या साहेबांनी बजावलं होतं, पेटीत काय होतं ते विचारू नका, कुलपाचं वजन लिहा. वजनं लिहिली मी. आत काय होतं ते घरी येऊन लिहिलं. मला मूल नाही, त्याचं दुःखही आता उरलेलं नाही, पण ती बाई माझी आहे. तिचे गुडघे माझे आहेत. तिचा तिरसटपणाही माझाच, असं तू म्हणशील.

म्हणून आज दुपारी वकीलबाईंना बोलावलं होतं. कुलूपवालीच्या बाराही पुस्तकांचे हक्क माझ्यानंतर तुझ्याकडे. छापायची की नाही, कुणी छापायची, कुणाला तिच्यावर पुढे लिहू द्यायचं, सगळं तू ठरवायचं. वकीलबाई म्हणाल्या, एखाद्या साहित्यिकाचं नाव घातलं तर? म्हटलं, साहित्यिक भुलतात. चांगला नमुना वाचून दाखवला की त्यांचं मन पाघळतं. मला अशी व्यक्ती हवी आहे, जिला समोर गोड बोलणारा माणूस बसला की आधी त्याची पॉलिसी आठवते.

तुला लिहिता येत नाही, हे तू परवा स्टेशनवर डोळे पुसत म्हणालीस. तुला लिहिता येत नाही म्हणूनच तू. तिच्यात स्वतःचं काही घालायचा मोह तुला होणार नाही. ती जशी आहे तशी ठेवशील, आणि कुणी हात लावायला आलं तर त्याला विचारशील की प्रेत सापडलं का.

तू माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहेस, तब्येत सांभाळ. भाऊजींच्या गुडघ्यामागे धावताना स्वतःची तपासणी चुकवू नकोस. हा सल्ला नाही, अट आहे.

तेरावीची सुरुवात उद्या करते. एक बंद खोली आहे, एक म्हातारी आहे, आणि घरातल्या सगळ्यांना ती फार आवडते. इतकंच ठरलं आहे. पहिली तीन प्रकरणं झाली की पाठवीन. वाच आणि फोन कर. कुणावर संशय आला ते भाऊजींनासुद्धा सांगू नकोस.

वकीलबाई कागद तुझ्याकडे पाठवतील. त्यावर तुझी सही लागेल. आढेवेढे घेऊ नकोस, मी काय लायक, वगैरे लिहू नकोस. ते मला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं आणि डॉक्टरांचे पेशंट ऐकतात.

तुझा होकार विचारत न बसणारी, धरून चालणारी,
तुझी ताई